कापसाच्या खोलीतला जबाब

विहीणबाई,

तुमच्या दहाव्याला चहा मी केला. पंचवीस-तीस माणसं होती. कप हातात आल्यावर प्रत्येकाने आधी ओठ टेकवून एवढासा घोट घेतला, चोरून माझ्याकडे पाहिलं आणि मगच बाकीचा प्यायला. तुमच्या धाकट्या जाऊबाईंनी तर हसू फुटू नये म्हणून पदराचा बोळा तोंडावर धरला. तेवीस वर्षं झाली त्या गोष्टीला. तुम्ही गेलात, पण तुमचं गाणं अजून माझ्या ट्रेच्या पुढे पुढे चालतंय.

आज सतरा दिवस झाले. भेटायला येणारे कमी झाले, सतरंज्या गुंडाळून माळ्यावर गेल्या, मेधा आणि प्रशांत कामाला लागले. लेकीच्या सासरी रिकामी बसलेली आई फार वाईट दिसते, म्हणून वही ओढली. तोंडाने जे बोलायचं ते मी कधीच वेळेवर बोलले नाही, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक?

मिठाची गोष्ट तुम्हाला सांगायची गरज नाही, पण हे आणखी चार लोक वाचतील, त्यांच्यासाठी सांगते. मेधाला पाहायला तुम्ही धुळ्याहून आमच्या जळगावच्या घरी आलात. तेव्हाची मी म्हणजे शाळेत विज्ञान शिकवणारी, कडक इस्त्रीची साडी नेसणारी, घरातल्या प्रत्येक बरणीला सुवाच्य अक्षरात लेबल लावणारी बाई. चहा एकट्या तुम्हीच घेतलात, आणि मुलाची आई म्हणून तुमच्या कपात मी मानाने दोन चमचे साखर जास्तीची घातली. लेबल वाचून घातली. आता ही विदुषी लेबलं बरणीला न लावता झाकणाला लावायची, आणि आदल्या दिवशी बरण्या घासताना झाकणांची अदलाबदल तिनेच केलेली. तुम्ही पहिला घोट घेतलात, माझ्याकडे पाहिलंत आणि अख्खा कप शांतपणे संपवलात. वर म्हणालात, "छान झालाय." जेवायला बसल्यावर वरण गोड लागलं तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. ते वरण तुम्ही दोनदा वाढून घेतलंत.

मी मनात म्हटलं, बाई देवमाणूस आहे.

देवमाणसाने मग लग्नात, भर मांडवात, गळा मोकळा सोडला:

जयगावनी याहीन उनी, डोयाले चष्मा,
मीठ टाकं चहामा, साखर वरनमा!

याहीन म्हणजे विहीण, उनी म्हणजे आली, आणि ती जळगावची विहीण मी. चष्मा माझा, मीठ माझं. तुमच्या बाजूच्या बायकांनी ते इतक्या जोरात उचललं की वाजंत्रीवाले थांबले. रीत सगळ्यांना माहीत होती. विहिणीने विहिणीला गाण्यातून टोचायचं, दुसरीने तिथल्या तिथे गाण्यातून जबाब द्यायचा. जबाब झाला की टोचणारीने तिच्या तोंडात साखर घालायची आणि दोघींनी मांडवभर ऐकू जाईल असं हसायचं. जबाब आला नाही तर गाणं उघडं राहतं, असं तुमच्या सोनगीरकडच्या बायका म्हणतात. तुम्ही साखरेची वाटी हातात घेऊनच उभ्या होतात.

आणि मी? मी चष्मा वर केला आणि प्रार्थनेनंतर मुलांना सूचना द्यावी तशी म्हणाले, "माफ करा, आम्हाला ही भाषा कळत नाही."

तुम्ही वाटी सावकाश खाली ठेवलीत. "कळत नाही? मग कान कशाने लाल झाले, विहीणबाई?" तेही पुस्तकी मराठीत विचारलंत. त्या दिवसापासून तुम्ही माझ्याशी कायम त्याच मराठीत बोललात. घरात, शेतात, भाजीवाल्याशी, गायीशीसुद्धा अहिराणी, आणि मी दारात आले की जीभ धुऊन पुसून घेतल्यासारखी. मला त्रास नको म्हणून.

विहीणबाई, मला सगळं कळत होतं. माझी आई पारोळ्याजवळच्या खेड्यातली. जात्यावर, विहिरीवर, माझं डोकं विंचरताना ती तुमच्याच भाषेत गायची. शिक्षिका व्हायला जळगावला आले तेव्हा पहिल्याच दिवशी मी "माले नई माहीत" म्हटलं आणि वर्ग हसला. झालं. अठरा वर्षांच्या त्या शहाण्या मुलीने ती भाषा गाठोड्यात बांधून टाकली. आई वसतिगृहावर भेटायला यायची होती तेव्हा तिला बजावलं, "मैत्रिणींसमोर फार बोलू नको." ती बिचारी दोन तास नुसती हसत बसली आणि लाडू ठेवून गेली. त्या मुलीच्या वेण्या धरून तिला आज उभं करावं असं वाटतं. पण ती काय ऐकणार! तिला तेव्हा चष्मा लागायचा होता, तरी दिसत काही नव्हतं.

म्हणजे माझ्यापायी दोन बायकांनी तोंड आवरलं. एक आई, एक तुम्ही. हे तुम्हाला सांगायचं होतं. त्यासाठी संधी कमी मिळाली असंही नाही. निवृत्तीनंतर मी इथे येऊन-जाऊन असायचे, आणि चांगली दीड वर्षं आपण दोघी एकाच खोलीच्या मागे लागलो होतो.

प्रशांत पुण्यातलं काम सोडून धुळ्यात, देवपुरातल्या घरी परतला आणि म्हणाला, इथे रेकॉर्डिंग स्टुडिओ काढतो. तेव्हा पहिल्यांदा आपलं एकमत झालं होतं: मुलगा बिघडला. मग तुम्ही रातोरात पक्ष बदललात. घरामागची कापसाची खोली देऊ केलीत. भाव येईपर्यंत शेतातला कापूस जिथे छातीइतका उंच साठवायचात, ती. "भरलेल्या कापसात आपली हाक आपल्याला ऐकू येत नाही. लहानपणी हा तिथेच लपायचा, मी ओरडून ओरडून मरायची." अट एकच घातलीत. पहिलं रेकॉर्डिंग तुमच्या गाण्यांचं. लग्नातली, हळदीची, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, झोक्यावरची, सगळी. "मी जाईन तेव्हा लुगडं न्यायचं की गाणी न्यायची? गाणी इथेच राहू देत."

काम सुरू झालं. बाहेरच्या भिंतीला न टेकता आत लाकडी सांगाड्यावर दुसरी भिंत उभी करायची, म्हणजे खोलीत खोली. सुपडू मिस्तरी डोकं खाजवत राहिले. "पहिली भिंत धडधाकट शे ना भाऊ, मग तिले सवत कशाले?" प्रशांतने समजावलं की आवाज भिंतीला धरून चालतो, त्याची वाट तोडायची. दोन भिंतींच्या मधल्या पोकळीत भरायला रॉकवूल, म्हणजे दगडापासून केलेली लोकर, मागवलं होतं. ते यायला महिना लागणार होता.

इथे विज्ञानाच्या बाई पुढे सरसावल्या. मी फळीवर खडूने चित्र काढलं. "तंतूंमध्ये हवा अडकते आणि हवेत आवाज जिरतो. रॉकवूल काय, कापूस काय, तत्त्व एकच. घरात कापूस असताना महिना कशाला घालवायचा?" प्रशांत आधी नको म्हणत होता, पण सासूपुढे जावई किती बोलणार?

तुम्ही म्हणालात, "निदान सरकी काढून भरा."

"सरकीने उलट वजन वाढेल. जड भिंत जास्त आवाज अडवते."

"सरकी म्हणजे उंदरांचं जेवण, विहीणबाई."

"बंद भिंतीत उंदीर कुठून येणार?" मी म्हटलं, आणि खडू झटकला.

दोन महिन्यांनी पहिली चाचणी झाली. प्रशांतने हेडफोन लावले, कपाळाला आठ्या घातल्या, माइकचा आवाज वाढवला आणि म्हणाला, "कोण पापड खातंय?" कोणीच खात नव्हतं. त्याने हेडफोन तुमच्या कानाला लावले. तुम्ही ऐकलंत, माझ्याकडे पाहिलंत आणि ओठ दाबून धरलेत. सुपडू मिस्तरींनी भिंतीची एक फळी उचकटली. आत तीन पिढ्या सुखाने नांदत होत्या. तुम्ही हसत हसत खाली बसलात, डोळ्यांतून पाणी, आणि तोंडून निघालं, "बठ्ठं गाव जेवाले उनं!"

मग माझ्याकडे लक्ष गेलं. हसणं गिळलंत, पदर सारखा केलात आणि म्हणालात, "सगळं गाव जेवायला आलंय, असं म्हणत होते मी."

तुम्ही माझ्यासाठी तुमचं हसणं भाषांतर करून दिलंत. उंदरांची लाज मला दोन दिवस वाटली असेल. त्या वाक्याची अजून वाटते. तेव्हाच म्हणायचं होतं, "कळलं हो याहीन, भाषांतराआधीच कळलं होतं." मी काय म्हणाले? "झाडू कुठे आहे?"

कापूस निघाला, रॉकवूल भरलं. निघालेला कापूस तुम्ही सरकी काढून पिंजून आणलात आणि आपण दोघींनी बसून त्याच्या जाड जाड गोधड्या शिवल्या, खोलीत घुमणारा आवाज प्यायला. त्या गोधड्या भिंतीला चिकटवून टांगायला निघालेल्या मिस्तरींना तुम्ही थांबवलंत. "चार बोटं सोडून टांगा. मागून वारा खेळला की गोधडी जास्त काम करते." प्रशांतने नंतर मोजून पाहिलं आणि तुम्ही बरोबर निघालात. माझ्या पुस्तकात ते नव्हतं.

आणि काच! गाणाऱ्याची खोली आणि प्रशांतची खोली यांच्या मधल्या खिडकीला दोन काचा, त्यातली एक मुद्दाम तिरपी. सुपडू मिस्तरींनी ती बसवली आणि दुसऱ्या दिवशी स्वतःहून सरळ केली. प्रशांतने परत तिरपी करायला लावली, त्यांनी परत सरळ केली. "मना हातनं वाकडं काम? लोक काय म्हनतीन?" शेवटी तुम्ही मध्ये पडलात. "मिस्तरी, राहू द्या तिरपी. दोघी समोरासमोर सरळ उभ्या राहिल्या की आवाज वाढतो. आम्हा विहिणींकडे बघा ना." त्यानंतर त्यांनी काचेला हात लावला नाही.

गाणी सुरू झाली. तुम्ही माइकसमोर पाटावर बसायचात, खुर्ची नको म्हणायचात. तीसेक गाणी झाली. एकच, ते मिठाचं, अडून राहिलं. "ते गाणं जबाबाशिवाय घ्यायचं नाही," तुम्ही प्रशांतला बजावलंत आणि माझ्याकडे न बघता पुढे म्हणालात, "विहीणबाईंनी मराठीत दिला तरी चालेल."

आणि मग मी काय काय केलं ते आज कबूल करते. पाटावर बसले आणि कान टवकारले. म्हटलं, मागच्या गल्लीतली पिठाची गिरणी ऐकू येते. प्रशांतला हेडफोनमध्ये काही येत नव्हतं, तरी तुम्ही उदबत्ती पेटवलीत आणि दाराच्या कडेकडेने सावकाश फिरवलीत. जिथे धूर वळून आत खेचला जाई तिथे तुम्ही बोट ठेवायचात. "वारा शिरतो तिथून आवाज शिरतो." दाराखाली फट सापडली. मिस्तरींनी दुसरं दार बसवलं, कडांना रबर लावलं. महिन्याने मी परत पाटावर. आता म्हटलं, हायवेवरचे ट्रक. छतावर आणखी एक थर चढला. मग म्हटलं, एसी घरघरतो. एसी बंद. चैत्राच्या दुपारी आपण दोघी ओले टॉवेल डोक्यावर घेऊन त्या बंद खोलीत बसलो, पापड वाळत घातल्यासारख्या. मी म्हटलं, अजून काहीतरी टिकटिकतंय. तुम्ही हातातलं घड्याळ काढून बाहेर ठेवून आलात.

त्यातलं निम्मं मला खरंच ऐकू येत होतं. निम्मं मी बनवलं होतं. आज नाशिकचे गाणारे येतात आणि म्हणतात, इतकी शांत खोली आमच्याकडेही नाही. प्रशांत कौतुकाने सांगतो, "आमच्या सासूबाईंचे कान!" कान कसले? दुसरं दार, छताचा थर, कडांचं रबर, सगळं माझ्या भित्रेपणाने बांधलंय. जबाब द्यायचा तर अहिराणीत द्यावा लागला असता. मराठीत तो बसतच नव्हता, मी करून पाहिला होता. आणि अहिराणीत तोंड उघडलं असतं तर तेवीस वर्षांचं खोटं त्याच माइकमध्ये गेलं असतं.

शेवटच्या खेपेला मी म्हटलं, "धप धप असा आवाज येतोय. लांबून."

तुम्ही उदबत्तीकडे हातही नेला नाहीत. माझ्या समोर बसलात आणि माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवलीत. "आता जे ऐकू येतंय ते तुमचं तुम्हालाच येतंय, विहीणबाई. त्याला मिस्तरी काय करणार?" मग उठून चहा करायला गेलात. तुम्हाला माहीत होतं का, हे मला तेव्हा विचारता आलं असतं.

मग माझा गुडघा धरला आणि मी जळगावला परतले. पंधरा दिवसांनी तुमचा फोन आला. "माझी बाजू मी म्हणून ठेवली. मध्ये तुमच्यापुरती जागा सोडलीय. आखाजीला या. आखाजीला माहेरी जायचं वय गेलं आपलं, तुम्ही आपल्या धुळ्यालाच या."

मी म्हटलं, "गुडघा बरा झाला की बघू."

आखाजीला चार दिवस होते. दुपारी जेवून आडव्या झालात आणि चार वाजता चहाला उठला नाहीत. मेधाचा फोन आला तेव्हा माझा गुडघा बस धरण्याइतका बरा होता. तो आधीच बरा झाला होता. हेही लिहून ठेवते.

काल सकाळी प्रशांतला म्हटलं, "लाव ते." त्याने दोन्ही दारं लावली, मला पाटावर बसवलं, मला खाली बसवायला दोन माणसं लागली ते सोडा, आणि हेडफोन कानाला दिले. तुम्ही आलात. जयगावनी याहीन उनी. मांडवात म्हटलंत त्यापेक्षा सावकाश, जरा थकून, पण चष्म्यावरचा ठसका तोच. आणि मग सोडलेली जागा.

मला वाटलं होतं तिथे काही नसेल. पण तुम्ही तिथे बसलेल्या होतात. श्वास घेतलात. बांगड्या मागे सारल्यात. मांडीवर बोटांनी ठेका धरलात, माझ्या जबाबाला लागतील तेवढे ठेके. गिरणी नाही, ट्रक नाही, उंदीर नाही. इतकी खटपट करून जी शांतता केली होती, तिच्यात फक्त तुमचं वाट बघणं ऐकू येत होतं.

मी हेडफोन काढले. "प्रशांत, बाहेर ट्रक," असं म्हणत होते. बाहेर ट्रक नव्हता. तिरप्या काचेपलीकडच्या खोलीतून तो उठून दारात आला. म्हणाला, "आई, हवं तितक्या वेळा लावतो."

दुसऱ्यांदा लावलं. तुमचा ठेका सुरू झाला आणि मी म्हटलं. आवाज फाटका लागला. माझा कमी आणि माझ्या आईचा जास्त वाटला:

धुयानी याहीन मनी, जिभले धार,
जबाब ऐकाना आधी, लाई लिधं दार!

जबाब ऐकायच्या आधीच दार लावून घेतलंत तुम्ही, ते बरोबर बसलं. शेवटचा शब्द आणि तुमचा शेवटचा ठेका एकदम संपले. मी हेडफोन काढायला हात नेला आणि तुम्ही कानात बोललात. गाऊन नाही, बोलून. घरच्यांशी बोलता तशा:

"आते कशी बोलनी, याहीन!"

आणि हसलात. उंदरांच्या दिवशी हसला होतात तसं, न गिळता. मीही हसले. बराच वेळ हसले, मग काय झालं ते प्रशांतला विचारा, माझा चष्मा धूसर झाला होता. तुम्हाला अक्का म्हणणारा तो आत येऊन म्हणत होता, "अक्काने सांगितलं होतं, ते शेवटचं यांना आधी ऐकवायचं नाही." मग घसा साफ करून विचारलं, "आई, शेवटी तुमचं हसणं आलंय मध्ये. काढून टाकू?"

मी म्हटलं, "नई रे भाऊ. र्‍हाऊ दे."

त्याने चमकून पाहिलं. मेधाला हाक मारली. मेधाला अजून खरं वाटत नाहीये. सकाळपासून ती माझ्याशी अहिराणीत बोलून मला तपासतेय, आणि तिची अहिराणी, तुमच्याकडे इतकी वर्षं राहूनही, काय सांगू, फारच जळगावची आहे. मी दुरुस्त करते. बाई कितीही निवृत्त झाली तरी बाईच.

तुम्हाला ठाऊक होतं, मग. मांडवापासून की उंदरांपासून, ते आता कळायचं नाही. ठाऊक असून तुम्ही इतकी वर्षं माझ्या खोट्याला जागा सोडून, चार बोटं अंतर ठेवून, माझ्याशी शुद्ध बोलत राहिलात. मिठाचा कप संपवलात तशाच. त्याबद्दल कधी आभार मानले नाहीत. मानले असते तर तुम्ही त्यावरही गाणं केलं असतं.

जबाब दिलाय, विहीणबाई. गाणं मिटलं. आता रीतीप्रमाणे माझी साखर तुमच्याकडे राहिली. येईन तेव्हा द्या. घाई नाही, गुडघा अजून दुखतो. आणि तुमच्या तिकडच्या बरण्यांची झाकणं कोणी बदललेली असली, साखरेऐवजी मीठ निघालं, तरी मी अख्खा कप संपवीन, आणि छान झालाय म्हणेन.